दोन खाचांची तबकडी

अंधेरी स्टेशनवरून वर्सोव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक दुमजली इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर श्यामसुंदर टिपणीस राहत. फोर्टातल्या एका जहाज कंपनीत हेडक्लार्क. नाकासमोर चालणारा माणूस. ऑफिसातली टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही, असं त्यांची बायको सुहासिनी अभिमानाने सांगायची, आणि ते खरंही होतं.

टिपणिसांना नाद एकच, जुन्या रेकॉर्डींचा. महिन्यातून दोन शनिवार ते ऑफिसातून सुटले की चोरबाजारात जात, गुडघ्यावर बसून धुळीतल्या थप्प्या उलटत आणि दोन-तीन तबकड्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणत. सासष्ट साली त्यांच्याकडे सहाशेच्या वर तबकड्या होत्या, सगळ्या लाखेच्या, जड, पडली की फुटलीच अशा. त्या कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या असत. तबकडी दोन्ही तळव्यांत कडेला धरायची, रेघांना बोट लागता कामा नये. पोलादी सुई लावायची नाही, ती रेघा खाते. बांबूची सुई लावायची, आणि ती दर गाण्याला कात्रीने नव्याने छाटायची. एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि चहाची बशी वाजवायची नाही. सुहासिनी म्हणायची, "आमच्या देव्हाऱ्याला नाही तेवढं सोवळं या कपाटाला आहे."

त्यांचा कान मात्र खरोखर तयार होता. शेजारच्या खोलीत बसून ते सांगत, की ग्रामोफोनची चावी कमी बसलीय, गाणं अर्धा सूर खाली चाललंय. गवई ध्वनिमुद्रणाच्या वेळी भोंग्यापासून किती लांब उभा होता, ते आवाजावरून ओळखत. रविवारी सकाळी त्यांच्याकडे चार मंडळी जमत. त्यांतला मुख्य बाळ देवस्थळी, ऑफिसातला सोबती, स्वतःही रेकॉर्डी जमवणारा आणि जिभेने तिखट. "टिपणीस, तुझ्याकडे माल आहे रे, पण एकही अशी नाही की जी दुसऱ्या कुणाकडे नाही," असं तो दर दोन-तीन रविवारी म्हणायचा. टिपणीस हसून सोडून देत. सोडून देत म्हणजे आठवडाभर मनात घोळवत.

अशा माणसाने चोरी केली. ती कशी केली, तेच सांगायचं आहे.

सोनूबाई वर्सोव्याची कोळीण. रविवारी नऊच्या सुमाराला डोक्यावर पाटी घेऊन यायची, जिन्याखालूनच "म्हावरा!" अशी हाक द्यायची आणि वर येऊन टिपणिसांच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसायची. टिपणीस कायस्थ, रविवारी ताटात मासा नसला तर त्यांना रविवार वाटत नसे. सोनूबाई विळीवर पापलेटं साफ करायची, आत मशीन चालू असायचं. सुहासिनीच्या एक लक्षात आलं होतं, की गाणं चालू असलं की सोनूबाईची विळी हळू चालते. एक पापलेट करायला तिला तीन मिनिटं लागायची, म्हणजे बरोबर एका बाजूएवढी. "ऐकतेस होय गं?" असं विचारलं की ती पदर तोंडाला लावून हसायची.

एका रविवारी तीच म्हणाली, "साहेब, माजे घरान पण एक तबकडी हाय. माजे भैनीची."

"बहिणीची म्हणजे? तिने विकत घेतलेली?"

"नाय ओ. तिनं गायलेली."

टिपणीस हातातली सुई तशीच ठेवून दाराशी आले.

गोष्ट अशी होती. चौतीस-पस्तीसच्या सुमारास एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस कोळीवाड्यात आला होता. कोळ्यांच्या लग्नात हळदीच्या वेळी धवले गातात, देवांना आणि घराण्यातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलावण्याची गाणी. ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. सोनूबाईची थोरली बहीण कमळ सतरा वर्षांची होती, पण वाड्यातल्या म्हाताऱ्या धवलारणी तिला पुढे बसवायच्या, असा तिचा आवाज. कंपनीच्या माणसाने तिला गिरगावात नेऊन एक धवला भरून घेतला. दुसऱ्या बाजूला तिऱ्हाइताचाच काही वाद्यांचा तुकडा. वाड्यात चार-पाच घरांनी तबकडी घेतली. दोन वर्षांनी पहिल्या बाळंतपणात कमळ गेली. बाकीच्यांच्या तबकड्या कधीच फुटल्या. सोनूबाईच्या बापाची तेवढी राहिली. ज्या शेजाऱ्याच्या मशीनवर ती वाजायची ते मशीन मोडलं, त्यालाही पंधरा वर्षं झाली होती.

"मना एकदा ऐकाची हाय," सोनूबाई म्हणाली. "तिचा तोंड डोळ्यांसमोर येतो, पन आवाज आता ध्यानान येत नाय. लई आठवून बगते, पन येत नाय."

पुढच्या रविवारी तिने तबकडी आणली. जुन्या लुगड्याच्या धुवट तुकड्यात गुंडाळून, पाटीपासून लांब, काखेत धरून. टिपणिसांनी दोन्ही तळव्यांत ती घेतली. मध्यावरचा लाल कागद अर्धा उडालेला, रेघांत वर्षानुवर्षांची चिकट धूळ, आणि कडेला शेजारी शेजारी दोन बारीक खाचा. टिपणिसांनी त्या खाचा पाहून तोंड वाकडं केलं. कसे हाताळतात हे लोक.

"साफ करावी लागेल. ठेवून जा. पुढच्या रविवारी आपण लावू."

"तुमीच आधी ऐकू नका हां साहेब," ती हसत म्हणाली, आणि पाटी उचलून गेली.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर टिपणिसांनी ओल्या फडक्याने एकेक रेघ पुसली, सुई नवी छाटली आणि तबकडी लावली.

त्यांनी आयुष्यात पुष्कळ ऐकलं होतं. मोठमोठ्या गवयांचं, तयारीचं, डौलाचं. हे तसलं काही नव्हतं. साथीला वाद्य नाही. सतरा वर्षांची एक मुलगी, आवाज जरा खरखरीत, वाऱ्यावर हाका मारून मोकळा झालेला, आणि ती कुणाला तरी घरी बोलावत होती. येतील की नाही याची तिला शंकाच नव्हती. गाणं संपलं, आणि सुई अजून रेघांत असताना त्या मुलीने यंत्र बंद झालं असं समजून विचारलं, "झाला?" त्यावर मागे कुणीतरी लहान पोर खुदकन हसलं. मग नुसती खरखर.

टिपणिसांनी ती त्या संध्याकाळी चार वेळा लावली. सुई मात्र प्रत्येक वेळी नव्याने छाटली.

बुधवारी बाळ देवस्थळी आला आणि टिपणिसांना राहवलं नाही. बाळने डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर त्याने तबकडीवरचा लाल कागद वाकून पाहिला.

"कुठे मिळाली?"

एवढंच विचारलं होतं त्याने. कोळणीची आहे, रविवारी परत द्यायची आहे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि टिपणिसांच्या तोंडून निघालं, "चोरबाजारात. एका थप्पीच्या तळाशी."

"नशीबवान आहेस लेका. ही दुसऱ्या कुणाकडे नाही," बाळ म्हणाला.

झालं. तिथून पुढे सगळं आपोआप घडत गेलं, असं टिपणीस स्वतःला पुढे बरीच वर्षं सांगत राहिले. आपोआप काही घडत नसतं. गुरुवारी रात्री जेवताना त्यांनी ठरवलं की विकत मागावी. मग वाटलं, ती नाही म्हणेल, आणि एकदा नाही म्हटल्यावर परत द्यावीच लागेल. शुक्रवारी त्यांना पटलं, की सुक्या बोंबलांच्या शेजारी ट्रंकेत ही तबकडी आणखी दोन वर्षांत मरेल. आपण तिला वाचवतो आहोत. शनिवारी त्यांनी कपाटातून त्याच कंपनीची, तसल्याच लाल कागदाची, तसाच अर्धा कागद उडालेली एक तबकडी शोधून काढली. कुणा विसरलेल्या माणसाचं विनोदी भाषण होतं तिच्यावर. ती त्यांनी स्वच्छ पुसली. कड अखंड, एकही टवका नाही. आपण तिला तिच्या तबकडीपेक्षा चांगल्या अवस्थेतली देतो आहोत, याचं त्यांना जरा बरंसुद्धा वाटलं. हे बरं वाटणं त्यांना पुढे सगळ्यांत जास्त छळणार होतं.

रविवारी सोनूबाई आली ती पाटी खाली ठेवण्याआधीच म्हणाली, "लावा साहेब."

"अगं, काय लावू? रेघा पार झिजल्यात. आवाजच उरला नाही तिच्यात. मी पुष्कळ खटपट केली." आणि आणखी एक गोष्ट त्यांनी जोडली, कारण खोटं बोलणाऱ्याला नेहमीच आणखी एक गोष्ट जोडावीशी वाटते. "कुठे लावूबिवू नकोस आता. सुई लागली तर तडकेल."

त्यांनी पुढे केलेल्या लुगड्याच्या तुकड्यातून सोनूबाईने तबकडी बाहेर काढली. कागदाकडे पाहिलंही नाही, तिला वाचता येत नव्हतं. तिने अंगठा कडेवरून फिरवला, गोल, सबंध. मग एकदा टिपणिसांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरा," ती म्हणाली. तबकडी परत गुंडाळली, पाटीतल्या पापलेटांतली मोठी दोन निवडली आणि साफ करायला बसली.

टिपणीस आत आले. त्यांना वाटलं होतं की ती रडेल, निदान एखादा प्रश्न विचारेल. ती काही बोलली नाही, याचा त्यांनी आपल्याला सोयीचा अर्थ घेतला.

त्यानंतर त्या घरात एक नवी रीत सुरू झाली. जिन्याखालून "म्हावरा!" ऐकू आलं की टिपणिसांचा हात सुईकडे जाई आणि गाणं जिथे असेल तिथे तुटे. कमळची तबकडी ते बैठकीला लावत, पण अकराच्या पुढे, सोनूबाई लांब गेल्याची खात्री झाल्यावर. तिच्यासमोर दुसरी एखादी लावायला काय हरकत होती? हरकत काहीच नव्हती. पण ती दाराशी बसलेली असताना त्यांना मशीनला हातच लावता येईना. आपल्या सबंध कपाटातून तिला कमळ ऐकू येईल अशी त्यांना भीती वाटे.

सोनूबाई मात्र पूर्वीपेक्षा जास्त रेंगाळू लागली. मासे साफ करून झाले तरी बसून राही. पाणी मागे. पान लावी. कधी आत डोकावून म्हणे, "साहेब, लावा ना काय तरी." टिपणीस वर्तमानपत्रामागून म्हणत, "स्प्रिंग बिघडलीय." स्प्रिंग सहा वर्षं बिघडलेली होती. मधल्या काळात त्यांनी विजेवरचा प्लेयरही घेतला, त्याला स्प्रिंगच नव्हती, तरीही ते तेच म्हणत. एकदा सुहासिनीने विचारलं, "अहो, सोनूबाई आली की तुमचं गाणं का मरतं?" ते म्हणाले, "मासळीचा वास आला की माझं लक्ष लागत नाही." सुहासिनीने त्यांच्या ताटात त्या दिवशी मुद्दाम सुरमईचे दोन तुकडे जास्त वाढले आणि ते कसे जातात ते पाहत बसली. ते नेहमीसारखे गेले नाहीत.

इकडे तबकडीची कीर्ती वाढली. बाळ कुठून कुठून माणसं घेऊन येई, मुलुंडहून, घाटकोपरहून. "आमच्या टिपणिसांचा कान बघा, कचऱ्यातून काय उचललं." पाहुणे चोरबाजारची हकिकत विचारत आणि टिपणीस ती सांगत. दर वेळी तिच्यात थोडी भर पडे. दुकानदाराची दाढी आली, पाऊस आला, बोहारणीची भांडी आली. सांगताना त्यांचा आवाज चांगला लागे. मात्र गाणं संपून "झाला?" आलं आणि मागचं पोर हसलं, की ते उठून खिडकीशी जात. ते हसू त्यांना सोसत नसे. का सोसत नाही, हे त्यांना तेव्हा कळलेलं नव्हतं.

बहात्तर सालच्या वैशाखात सोनूबाई रिकाम्या हाताने आली, पाटीशिवाय, नवं लुगडं नेसून. तिच्या राधाचं लग्न ठरलं होतं.

"हळदीला या साहेब, बायला घेऊन. दुपारी चारला. आनि तुमचा तो चावीचा मशीन आना. कमळची तबकडी लावाची हाय मांडवान."

टिपणीस घाईने म्हणाले, "अगं, पण तिच्यात आवाज नाही. मी सांगितलं होतं ना."

"नसंल तर नसंल," सोनूबाई म्हणाली. "लावून बगू."

चार दिवस टिपणिसांना अन्न गोड लागेना. जाऊ नये, तर सुहासिनीने आधीच हो म्हटलं होतं. जावं, तर भर मांडवात कुणा विसरलेल्या माणसाचं विनोदी भाषण सुरू होणार. सगळं सोनूबाईला सांगून टाकावं, हा विचार त्यांच्या मनात आला होता, नाही असं नाही. दोनदा आला. दोन्ही वेळा त्यांनी तिसरा मार्ग शोधला, आणि तो सापडला तेव्हा त्यांना केवढं हायसं वाटलं. खरी तबकडी मशीनच्या झाकणातल्या कप्प्यात लपवून न्यायची. तिच्या हातातली घ्यायची, पुसायचं निमित्त करायचं, आणि बदलायची. तिची तिला मिळेल. कुणाला काही कळणार नाही. चोरी करताना जेवढी अक्कल लावली नव्हती तेवढी त्यांनी ती परत करताना लावली.

बसमधून मशीन मांडीवर घेऊन ते वर्सोव्याला उतरले. वाटेत बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. मांडवात बायका हिरव्या लुगड्यांत दाटीने बसल्या होत्या, मधे राधा पाटावर, अंगभर हळद. सोनूबाईने टिपणिसांना पुढे नेलं, मशीनसाठी फळी मांडून ठेवलेली होती. मग तिने ट्रंकेतून तो लुगड्याचा तुकडा आणला आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या हातात दिला.

टिपणिसांनी मांडवाकडे पाठ केली. चावी भरली. सुई छाटली. फडकं काढलं. सहाशे तबकड्या हाताळलेले हात होते ते, चुकले नाहीत. गुळगुळीत कडेची तबकडी झाकणात गेली आणि खाचांची वर आली.

कमळ गाऊ लागली.

मांडवातली कुजबुज जागच्या जागी थांबली. दुसऱ्या ओळीला एक म्हातारी उभी राहिली, "कमळ गो," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. तिच्या शेजारच्या दोघीतिघींनी ओठ हलवायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळा मांडव कमळच्या मागून म्हणू लागला. मशीनचा आवाज तो केवढा, त्यात बुडून गेला, पण बायका मधे मधे थांबत, तिला पुढे होऊ देत, आणि मग पुन्हा धरत. टिपणिसांनी ती तबकडी सहा वर्षांत किती वेळा ऐकली होती. ती अशी ऐकायची असते, हे त्यांना माहीतच नव्हतं. ज्यांना बोलवायचं त्यांना सगळ्या घराने मिळून हाक मारायची असते, बशी न वाजवता बसलेल्या चार रसिकांचं ते गाणंच नव्हतं.

शेवटी "झाला?" आलं. मागचं पोर खुदकन हसलं.

"ती मी," सोनूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "हसते ती मी. बापसानं बजावलं व्हतं, तोंड उघडू नको. बाय बोलली झाला, आनि मना हसू फुटला."

टिपणिसांनी त्या बाईची बहीण चोरली होती, हे त्यांना ठाऊक होतं. तिचं स्वतःचं लहानपणीचं हसूसुद्धा आपण कपाटात ठेवलं होतं, हे त्यांना आज कळलं.

सोनूबाईने पुढे होऊन तबकडी उचलली. अंगठा कडेवरून फिरवला. एका जागी तो थांबला. दोन खाचांवर तिने तो पुन्हा पुन्हा फिरवला, आणि मग मांडवाकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आवाज मेला व्हता हिचा. या साहेबांनी नीट केली. सा वरसं खटपट केली त्यांनी."

लोकांनी टिपणिसांना घेरलं. कुणी पाया पडलं. राधाच्या काकाने, महादूने, त्यांच्या डोक्यावर नवी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. सगळा मांडव त्यांच्याकडेच पाहत होता. टिपणिसांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "यात माझं काही नाही." लोकांना तो मोठेपणा वाटला. सुहासिनी मात्र नवऱ्याकडे पाहत होती, आणि तिला सगळं कळलं, हे त्यांना तिच्या तोंडावर दिसलं.

निघताना सोनूबाई त्यांना वलांडीपर्यंत पोचवायला आली. तिने मशीनचं झाकण स्वतः उघडलं, कप्प्यातली तबकडी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"ही तुमची."

टिपणिसांनी ती सवयीने दोन्ही तळव्यांत धरली. मग म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तिला तुम्ही म्हणाले होते.

"अंगठा लावला तवाच. पाच घरांच्या तबकड्या, हळदीला मागून न्यायचे, मिसळाच्या. म्हून बापसानं कानशीनं दोन खाचा केल्या. आमचे घराची खून ती. आमचे बोयांवर पण तीच हाय." जाळ्यांना लावायच्या लाकडी बोयांचा ढीग शेजारीच होता. टिपणिसांनी पाहिलं. प्रत्येक बोयावर शेजारी शेजारी दोन खाचा.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माजे घरान ती मुकी बसलेली. मशीन कुटं हाय? तुमचे घरान गात तरी व्हती. म्हटला, राहू दे तिकडं, रविवारी पायरीवर बसून ऐकीन." सोनूबाईने पदराने तोंड पुसलं. "पन तुमी मशीनच बंद करायचं."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर टिपणिसांना उभं राहता आलं असतं. ती नुसती सांगत होती, कुणाकडे गेले, दोन घटका बसले आणि भेट झाली नाही, असं सांगावं तसं. पाणी मागणं, पान लावणं, "लावा ना काय तरी", सहा वर्षांचे सगळे रविवार एकदम त्यांच्या अंगावर आले.

"मशीन इथेच राहू द्या," ते कसंबसं म्हणाले. "बांबूच्या सुयाही देतो. दर वेळी छाटाव्या लागतात."

सोनूबाईने नको म्हटलं नाही की आभार मानले नाहीत. "राधेला दाखवा चावी कशी द्याची ती," एवढंच म्हणाली.

बसमध्ये सुहासिनी खिडकीशी बसली होती. अंधेरीला उतरताना ती म्हणाली, "ती टोपी काढा डोक्यावरची."

पुढच्या रविवारी बाळ देवस्थळी दोन नवे पाहुणे घेऊन आला आणि चोरबाजारातली ती तबकडी लाव म्हणाला. टिपणिसांनी सांगितलं. चोरबाजार नाही, दाढी नाही, पाऊस नाही. मासे विकायला येणाऱ्या बाईने ऐकायला म्हणून दिली होती, ती मी बदलली. मग बाळ म्हणाला, "आणि परत दिलीस? वेडा आहेस काय?" टिपणिसांना वाटलं होतं की तो आपल्याला शिव्या देईल. शिव्या परवडल्या असत्या. त्या बोलण्यात त्यांना आपलाच सहा वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू आला. रविवारची बैठक त्यानंतर त्यांनी बंद केली.

मग ते सोनूबाईची वाट पाहू लागले. नऊ वाजता दार सताड उघडायचं, प्लेयर दाराशी ओढायचा, कपाटातली उत्तमातली उत्तम तबकडी काढायची. "म्हावरा!" ऐकू आलं की हात सवयीने सुईकडे जाई. ते तो मांडीखाली दाबून ठेवत. गाणं चालू राही. सोनूबाई वर येई, सुहासिनीशी राधाच्या सासरचं बोले, विळीवर चार हात मारून मासे साफ करी आणि गाणं अर्ध्यावर असतानाच पाटी डोक्यावर घेऊन खाली उतरे. तिला आता घाई असायची. घरी मशीन होतं.

एका रविवारी टिपणिसांनी तिच्यासाठी दाराबाहेर पाट मांडून ठेवला, बसून ऐकता यावं म्हणून. सोनूबाईने पाटाकडे पाहिलं, त्यावर मासळीची पाटी टेकवली आणि स्वतः नेहमीच्या जागी पायरीवर बसली.

"आज बोंबील चांगलं हायत, साहेब," ती म्हणाली. "साफ करून देऊ?"